सावलीएवढी तार

वेलिकाचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. तिची आई भिंतीत होती, एवढंच ती म्हणायची. आणि आईला कुणी भूत म्हणत नाही.

ग्लोगोवेत गावातलं ते घर उभं राहत होतं तेव्हा वेलिका पाच वर्षांची. डोंगरापलीकडून आलेले गवंडी जुन्या चालीचे. सकाळच्या उन्हात जे माणूस भिंतीसमोरून पहिलं जाईल त्याची सावली लाल लोकरीच्या दोऱ्याने मोजायची आणि तो दोरा कोपऱ्याच्या दगडांत चिणायचा. चाळीस दिवसांत ते माणूस जातं आणि घराचा राखणदार होऊन राहतं. त्या सकाळी समोरून गेली वेलिकाची आई, त्याच गवंड्यांसाठी दह्याचं मडकं घेऊन. छप्पर चढलं त्या आठवड्यात ती गेली. डॉक्टर म्हणाला न्यूमोनिया, गाव म्हणालं दोरा. ज्या घरात एक रात्रसुद्धा झोपली नाही, ते घर ती बाई तेव्हापासून राखत होती.

भर दुपारी माळ्यावर पावलं वाजत. हलकी, अनवाणी. वेलिका जेवता जेवता मान वर करायची, पुन्हा ताटात बघायची. रात्री पूर्वेच्या कोपऱ्याला "झोप आता" म्हणून दिवा मालवायची. नवऱ्यालाही सवय झाली होती. तो वारला तेव्हा कोपऱ्यालाही सांगून गेला.

एरवी वेलिका अगदी रोखठोक. उमेदीची सगळी वर्षं पोस्टातल्या टेलिफोन एक्स्चेंजवर काढलेली. "लवकर बोला, लाइन मोकळी करा," हे ती रडणाऱ्या विधवांनाही सांगायची. पुढे एक्स्चेंज बंद पडलं, माणसं परदेशी गेली आणि चोरांनी खांबांवरची तांब्याची तार उतरवून नेली. मग रिकामी घरं फोडली. वेलिकाच्या घरातही एकदा शिरले. सकाळी अंगणात त्यांची पहार सापडली आणि एक बूट. बर्फावरून घसरल्यापासून वेलिका डावा पाय ओढत चालायची. तिने काही कुणाला पळवलं नव्हतं.

आणि आता गावात फायबर आलं.

"आई, ऐक," स्पेनहून इस्क्रा मोबाइलवर ओरडली. ही तिची एकुलती मुलगी. "इथल्या मालकाने घर विकलंय. ऑफिस म्हणतं, नेट पक्कं असेल तर कुठूनही काम कर. नियाला घेऊन मी कायमची येते. तू फक्त लाइन घेऊन ठेव."

"भिंतीला भोक पाडावं लागेल म्हणतात. पूर्वेच्या कोपऱ्याला."

"मग?"

"मग काय? तुला माहीत नाही?"

"अगं, आजी भिंतीत आहे म्हणून नेट नको, असं ऑफिसला कळवू का मी?"

वेलिकाने फोन ठेवला. दोरा तुटला की राखणदार सुटतो, हे गावात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. ओसाड गल्लीत, राखण नसलेल्या घरात लेकीला आणि तीन वर्षांच्या नातीला आणायचं? की आईला सांभाळायचं आणि लेकीला परक्या देशात घरं शोधत फिरू द्यायचं?

जोडणीवाला आला तो कालोयान, चाळिशीचा, पोट सुटलेला, चांगल्या स्वभावाचा. वेलिकाने त्याच्यापुढे चीज भरलेल्या पापुद्र्यांची गरम बनित्सा ठेवली आणि विचारलं, "खिडकीतून नाही का घेता येणार?"

"चौकट कुजलीय, आजी. आणि तारेच्या आत काच आहे, केसासारखी. फार वाकवली की उजेड अडतो. खांब पूर्वेला, म्हणजे भोक पूर्वेला."

"उद्या केलं तर?"

"उद्या आम्ही पुढच्या गावात. परत कधी येऊ, देव जाणे."

वेलिका कोपऱ्यापाशी गेली. दगडाला तळवा लावून उभी राहिली. मग वळून म्हणाली, "पाड."

ड्रिल आत गेलं, किंचाळलं, मधेच दबकलं. कालोयानने ते बाहेर ओढलं. पात्याला धुळीत माखलेली, विटलेली लाल लोकर गुंडाळली होती.

"उंदराचं घरटं दिसतंय," तो म्हणाला.

"हो. उंदराचंच." तिने लोकर सोडवून घेतली आणि एप्रनच्या खिशात टाकली.

तिला वाटलं होतं, घर हादरेल, निदान एखादं दार आपटेल. काहीच झालं नाही. माळा गप्प. तुळया गप्प. लाइन तुटल्यावर कानाला लावलेला फोन जसा गप्प होतो, तसं घर तिच्याभोवती गप्प झालं. जन्मभर कुणीतरी ऐकत होतं, हे तिला तेव्हा कळलं. तिने हळूच हाक मारली, "आई?" आणि हाक नुसतीच भिंतीला लागून परत आली.

बरं झालं. सुटली बिचारी. पण आता घर उघडं होतं.

"आतून किती तार लागेल?" कालोयान विचारत होता. "डबा कुठे बसवू?"

दक्षिणेच्या उघड्या दारातून सकाळचं चढतं ऊन थेट त्या कोपऱ्याच्या भिंतीवर पडलं होतं. वेलिका पाय ओढत उन्हात जाऊन ताठ उभी राहिली. तिची सावली जमिनीवरून भिंतीवर चढली आणि भोकाशी डोकं टेकून थांबली.

"बाजूला व्हा आजी, सावली पडतेय."

"पडू दे. तेवढीच मोज. माझ्या टाचेपासून डोक्यापर्यंत. डबा टाचेपाशी बसव."

तार उलगडता उलगडता त्याचे हात थांबले. त्याने तिच्या खिशाकडे पाहिलं, मग भोकाकडे.

"माझी आजी त्र्याव्नाची, गवंड्यांच्या गावची," तो सावकाश म्हणाला. "मला ठाऊक आहेत ही असली कामं. मी नाही करणार."

"तू कुठे काही करतोयस? तार कापायची आहे ना तुला? मग काप. उभी मी आहे."

"अहो, हसून सोडून देण्यातली गोष्ट नाही ही!"

"हसतंय कोण?" तिचा आवाज एक्स्चेंजवरचा झाला. "माझ्या आईला कुणी विचारलं नव्हतं रे. दही घेऊन आली होती ती. तिची सावली तिच्या पाठीमागे मोजली. मला विचारायला तर कुणी नकोय, मी होऊन सांगतेय. माझी नात झोपणार आहे या घरात. लवकर कर, ऊन सरकतंय."

कालोयानने छातीवर क्रॉसची खूण केली, गुडघे टेकले आणि तार मोजली. कापताना त्याने मान फिरवली. मग बाहेर जाऊन त्याने तारेच्या दुसऱ्या टोकाला तपासणीचा दिवा लावला, आणि आत, वेलिकाच्या टाचेपाशी, काचेच्या त्या केसाच्या टोकावर लाल ठिपका उगवला.

"दिसतोय का, आजी?"

"दिसतोय. चांगला लाल आहे."

पैसे न घेताच तो निघाला होता. तिने त्याला फाटकातून परत बोलावून पैसे दिले, उरलेली बनित्साही बांधून दिली.

दुपारी इस्क्रा मोबाइलच्या पडद्यावर आली, गालावरच्या तिळासकट स्वच्छ. मागे निया पलंगावर उड्या मारत होती.

"आई, वसंतात येऊ आम्ही. सामान आवरायला वेळ लागेल."

"वसंतात नाही. याच महिन्यात या."

"एवढी कसली घाई?"

वेलिका मनात चाळीस दिवस मोजत होती. ती उत्तर देणार तेवढ्यात माळ्यावर फळी वाजली. मग पुढची. हलकी नव्हती ती पावलं, अनवाणीही नव्हती. एक पाऊल पडत होतं आणि दुसरं त्याच्यामागे ओढलं जात होतं, डावं, पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत. वेलिकाने टेबलाखाली स्वतःच्या डाव्या पायाकडे पाहिलं. तो जागेवरच होता.

"आई? वर कोण आहे गं?"

"कुणी नाही," वेलिका म्हणाली. "घर राखायची सोय झालीय. तू तिकिटं काढ."