वाढ थांबवलेली जास्वंद

बॅटरी-दुरुस्तीच्या दुकानामागची सुमनवहिनींची जास्वंद तीन वर्षं गुडघ्याएवढीच आहे. “आळशी मेली! उपटूनच टाकते,” त्या काल म्हणाल्या. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे राहवलं नाही.

“आळशी नाही हो ती. जुन्या बॅटऱ्या धुतलेलं पाणी तुम्ही तिलाच घालता ना? मुळांना शिसं लागलं, की झाडाच्या अंगातच एक संप्रेरक वाढतं. ते पानांवरच्या बारीक छिद्रांना सांगतं, तोंडं मिटून घ्या. आत्ता वाढायचं नाही, नुसतं तगायचं.”

वहिनींनी दुकानात डोकावून पाहिलं. आत त्यांचे यजमान शिशानं काळ्या पडलेल्या बोटांनी बिस्कीट मोडत होते. माणसाला मात्र तोंड मिटायला बाहेरूनच कुणीतरी सांगावं लागतं.

“चहा आण गं,” ते म्हणाले.

वहिनींनी कप मागेच ठेवला आणि साबण पुढे केला.