पलीकडच्या काठाची खिडकी

सिस्टर वाहून गेली त्याला वर्ष होत आलं होतं, तेव्हा चर्चच्या पास्टरसाहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. मी शाळेत चित्रकला शिकवत असे. माझ्या नवऱ्याचं इतवारीत काचेचं दुकान होतं. आरसे, तसबिरींच्या चौकटी, दुकानांच्या पाट्या. रंगीत काचेची खिडकी आम्ही कधी केली नव्हती. पण त्यांना ती नागपुरातच व्हायला हवी होती आणि नाताळाच्या आधी बसायला हवी होती, कारण बिशपसाहेब येणार होते.

सिस्टर म्हणजे मिशनच्या दवाखान्यातली नर्स. खाप्याकडच्या एका गावात बाळंतीण अडली होती, म्हणून ती पुरातून डोंग्यात बसून कन्हान नदी ओलांडून गेली. मूल झालं, आई वाचली. परत येताना डोंगा उलटला. नावाडी कसाबसा काठाला लागला, ती सापडलीच नाही.

कमिटीच्या बैठकीत एका वयस्कर गृहस्थांनी पहिलाच प्रश्न विचारला, "या बाई आपल्यातल्या आहेत काय?"

"नाही. आम्ही बौद्ध," मीच सांगितलं.

पास्टरसाहेबांनी माझ्या चित्राची गुंडाळी उलगडली आणि टेबलावर पसरली. खाली निळं पाणी, त्यात अर्धी बुडालेली सिस्टर, वरून हात देणारा देवदूत. कमिटीला ते पटलं. तिच्या वडिलांनी, कोळसा खाणीतून निवृत्त झालेल्या माणसानं, दोन्ही हात जोडले. तिची आई आली नव्हती. "तिची तब्येत बरी नसते," एवढंच ते म्हणाले.

रंगीत काचा मुंबईहून पेंढ्यात गुंडाळून आल्या. मी कागदावर खऱ्या मापाचं चित्र काढलं, त्यावर काच ठेवून नवरा हिऱ्याच्या कलमानं तुकडे कापू लागला. दिवाळी झाली. निळं पाणी जवळजवळ पुरं होत आलं होतं.

एका दुपारी दुकानाच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. पांढरं लुगडं, हातात कापडी पिशवी. नदीकाठच्या कन्हान गावाहून बसनं आली होती.

"माह्या पोरीची खिडकी इथंच होऊन राहिली काय?"

मी तिला आत बोलावलं, पाणी दिलं. तिनं पेला घेतला नाही. टेबलावरच्या चित्राकडे ती नुसती बघत राहिली. मग तिनं पाण्याचा एक निळा तुकडा उचलला. कापलेल्या काचेची कड अजून घासलेली नव्हती.

"मावशी, ठेवा तो. हाताले लागन," नवरा म्हणाला.

"तुमी तिले पाण्यात टाकलं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. "मी नाही पाह्यलं तिले पाण्यात. तिच्या बापानं नाही पाह्यलं. तू काहून पाह्यते वं?"

तिची मूठ आवळली गेली होती. बोटांमधून रक्त टेबलावर पडू लागलं. तिच्या कोपराशी टेबलाच्या काठावर कापलेल्या काचांचा ढीग होता. तिनं हात झटकला असता तर सगळं जमिनीवर गेलं असतं. नवरा जागचा हलेना. मी तिच्या जवळ गेले आणि तिचं मनगट धरलं.

"मग काय काढू मावशी? सांगा तुम्ही."

तिची मूठ सैल पडली.

"ती गेली होती नं तिथं? पोचली होती नं? त्या बाईचं लेकरू तिच्याच हातात आलं नं? सारे जन परतीचंच बोलतात. जातानाचं कोनीच नाही बोलत."

मी तिचा हात धुतला, पट्टी बांधली. नवऱ्यानं तिला बसवर पोचवलं. तो परतला तोवर मी कागद उलटा करून मागच्या बाजूला नव्यानं रेघा ओढू लागले होते.

"अवं, कमिटीले काय सांगशीन?" तो म्हणाला. "काचा कापून झाल्या."

"पाणी मागं राहील. ती पुढं येईल."

दुसऱ्या बैठकीत मी स्वतःच गुंडाळी उलगडली. नव्या चित्रात देवदूत नव्हता. नदी मागे होती, आणि सिस्टर पलीकडच्या काठावर चिखलात पाय रोवून उभी होती, लुगड्याचा काठ भिजलेला, हातात बॅग. त्याच वयस्कर गृहस्थांनी कागद दूर सारला. "हे चर्च आहे. इथं चिखल लावायचा? आणि ती बुडाली हे सगळ्या गावाला माहीत आहे."

"ती पोचली हेही गावाला माहीत आहे," मी म्हणाले.

पास्टरसाहेब तिच्या वडिलांकडे वळले. ते खाली मान घालून बसले होते. "घरी तिची माय अजून पोरीचं ताट वाढते," ते हळूच म्हणाले. "रोज. मी तिले म्हनतो, आता बस कर. ऐकत नाही." मग त्यांनी वर पाहिलं. "हेच लावा, साहेब. हे पाहाले ती येईन."

ते गृहस्थ उठून गेले. बाकीच्यांनी हात वर केले.

पुढचे दिवस आम्ही जेवायलाही नीट बसलो नाही. शिशाच्या पट्ट्या वाकवायच्या, तुकडे त्यात बसवायचे, सांधे कथलानं झाळून जोडायचे. खिडकी उभी करताना वरच्या कोपऱ्यात एक काच तडकली. ती तशीच राहिली, बदलायला वेळच नव्हता. खाली 'स्मरणार्थ' असं लिहायचं ठरलं होतं. तिच्या आईनं वडिलांकरवी ते नको असं कळवलं. मग नुसतं नाव आणि 'नर्स' एवढंच कोरलं.

बिशपसाहेब आले त्या सकाळी आम्ही दोघं मागच्या बाकावर बसलो. तिची आई शेवटपर्यंत आलीच नाही. मला फार वाईट वाटलं.

ती आली उन्हाळ्यात, एका साध्या दिवशी. पास्टरसाहेबांनी नंतर सांगितलं, ती खिडकीखाली बसून राहिली, आणि निघताना त्यांना म्हणाली, "पाय बराबर काढले पोरीचे." त्यानंतर ती दर महिन्याला येत असे. घरी ताट वाढायचं तिनं थांबवलं की नाही, हे मी कधी विचारलं नाही.