मापाची गाणी

शिंपीकामात हात गुंतलेले असतात, पण कान मोकळे. म्हणूनच आमच्या मालेगावच्या दुकानात चिंध्यांपेक्षा किस्से जास्त साठतात! आम्ही तिघं. दुकान युनूसभाईंचं, ब्लाउज गजाननभाऊंकडे, पँटी माझ्याकडे. आवड ओळखून गाणी लावणारं ॲप तिघांच्याही फोनमध्ये, पण प्रत्येकाचं वेगळं. कुणाचं भारी, यावर रोज वाद!

*

माझं ॲप पहिल्या दिवशी म्हणालं, ‘ही गाणी खास तुमच्यासाठी!’ एकही आवडलं नाही.

युनूसभाई हसले. "अरे, माप न घेता शिवलेलं कधी बसलं काय? दोन-चार रोज फिटिंग करू दे त्याले!"

*

भाईंचं स्वतःचं ॲप मात्र महिनाभरात पार बिघडलं. नुसती रटाळ गाणी! मी पाळत ठेवली. गिऱ्हाईक आलं, की ‘आता नीट ऐकता येणार नाही’ म्हणून भाई आवडतं गाणं मध्येच बदलायचे. रटाळ गाणं लागलं तर चालू द्यायचे. माप घ्यायला बरं पडतं ना!

भाईंना सांगितलं, तर म्हणाले, "मंग त्याची काय गलती? शागीर्द इमानदार हाये!"

*

एक नवरदेव शेरवानीच्या ट्रायलला आला होता. त्याला खूश करायला तासभर माझ्या फोनवर वरातीची गाणी लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पूजेला बसलो, ॲप सुरू केलं, तर ढोल!

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "देव आताच उठले. नाचवता कायले त्याईले?"

*

गजाननभाऊंच्या ॲपवर एक भजन, की लगेच एक धांगडधिंगा. कारण खातं त्यांच्या लेकीचं. राणी लग्न होऊन पुण्याला गेली, तरी दोघांचं खातं एकच राहिलं. इथे भाऊ जे ऐकतील ते तिच्या यादीत, तिचं यांच्या यादीत.

"नापसंतचं बटन दाबा ना, भाऊ!" मी म्हणालो.

"तिचं गानं म्या काहून नापसंत करू? तिकडं तिले भेटलं नाही तं?"

मी चिडवणं तेवढ्यापुरतं थांबवलं.

*

पण खुमखुमी कुठे जाते? आम्ही पैजच लावली. आठ दिवस भाऊंनी स्वतःचं बंद ठेवून माझंच ॲप वापरायचं, मग निकाल द्यायचा. भाऊ नाखुशीनंच तयार झाले. आणि काय सांगू, भजनं अशी एकेक लागली, की भाईही मान डोलवू लागले! मी जिंकल्यातच जमा होतो.

आठव्या दिवशी सकाळी दुकानाच्या दारात राणी उभी. हातात बॅग, रात्रभर गाडीत बसून चेहरा पार उतरलेला. भाऊ मशीन सोडून धावले.

"काहून आली वं माय? परवा तं फोनवर सांगतलं ना, म्या बरा हाये!"

"फोनवर तं तुमी कवाही बरेच असता, बाबा." तिनं बॅग खाली ठेवली. "आठ दिवस झाले, तुमचं एकबी भजन आलं नाही."