बैलाने चाटलेली गव्हाण

याकोबदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोठ्यात होते. फोन त्यांच्या मुलाचा, दाविदचा. "बाई, बापू गेले. सकाळी उठलेच न्हाईत," एवढंच तो बोलला. मी पेंडेची पाटी हातात धरून तशीच उभी राहिले... बैल फाटकाकडे बघत दादांची वाट पाहत होता, असं लिहायची अशा लेखांत पद्धत आहे. तो पेंडेकडे बघत होता. खोट्या गहिवराची मला किळस आहे, आणि दादांना तर माझ्याहून जास्त होती.

जिंतूरहून येलदरीकडे जाताना आमचं गाव लागतं. मी तिथल्या शाळेत शिकवत होते आणि दादा माझ्या शेजारी सुतारकाम करायचे. माणूस महा फटकळ. सनमायका लावलेलं कपाट दिसलं की भर पाहुण्यांत तोंड वाकडं करायचे. गावातल्या छोट्या चर्चमध्ये नाताळला बाळ येशूला ज्या गव्हाणीत ठेवतात, ती दादांच्या हातची. खेळण्यातली नव्हे, खरीखुरी, बाभळीच्या फळ्यांची. तिला एकही खिळा नसे, सगळ्या लाकडी खुंट्या. थंडी सुरू झाली की तिला रंधा मारून, दुरुस्त करून ते डोक्यावर घेऊन माझ्या गोठ्यात यायचे आणि माझ्या लालकंधारी बैलापुढे मांडायचे. आत मीठ टाकलेली पेंड. नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत बैलाने त्यातच खायचं आणि चाटून चाटून कडा गुळगुळीत करायच्या.

"बाई, लेकराला ठिवायचं हाय त्याच्यात. कुसळ लागलं तर? बैलाच्या जिभंसारखा पालिशकागद कोन्त्या दुकानात मिळतो, सांगा."

"आणि खिळा का नाही?"

"बैलाची जीभ फाटंल की! शिकिवता काय तुमी शाळंत?"

मग ते कढत पाण्याने गव्हाण धुवायचे, उन्हात वाळवायचे, ताजा कडबा अंथरायचे आणि चर्चमध्ये नेऊन ठेवायचे. तरी तिला गोठ्याचा वास राहायचाच. काही बायका नाकाला पदर लावायच्या. दादा मुद्दाम त्यांच्याच शेजारी बसायचे.

आमची शेवटची भेट त्यांच्या अंगणात झाली. जुन्या गव्हाणीला वाळवी लागली होती, म्हणून स्वेटरवर मफलर गुंडाळून, खोकत खोकत ते नवी करत होते. शेवटची खुंटी ठोकून मला म्हणाले, "मी असो नसो, पयलं बैलापुढं, मग चर्चात. शब्द द्या." मी दिला. "रडू नका, भुसा भिजायलाय," असंही म्हणाले... मी रडत नव्हते, पण त्यांना चेष्टा करायची होती.

पुढच्याच आठवड्यात ते गेले. मग शोकसभा. माइकवर एकेक जण उठून दादांच्या साधेपणाचे गोडवे गात होता, आणि मंचावर ती गव्हाण ठेवलेली. कमिटीने ती दादांच्या अंगणातून नेऊन तिला सोनेरी ऑइलपेंट फासला होता. वर प्लॅस्टिकची फुलं, लुकलुकणारे दिवे आणि लाल अक्षरांत दादांचं नाव. चर्चच्या कमिटीचे अध्यक्ष कौतुकाने सांगू लागले की नाताळसाठी फायबरची नवीन गव्हाण आणली आहे, ही आठवण म्हणून फाटकाजवळ कुंड्या ठेवायला राहील.

"मला ही बैलापुढे ठेवायची आहे," मी म्हणाले.

"आता कशाला बाई? बैलाची लाळ लागलेल्या जागी देवाचं लेकरू ठिवायचं... लोकांना किळस येते."

"मला या रंगाची येते," मी म्हणाले. पहिल्या रांगेतून दाविद उठला, त्याने दिव्यांची माळ ओढून काढली आणि गव्हाणीचं एक टोक धरलं. दुसरं मी धरलं.

गोठ्यात आणून पेंड टाकली, तर बैलाने गव्हाणीत तोंड घातलं, फुरफुरला आणि मान फिरवली. पेंड तशीच राहिली. मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. मग दुपारच्या उन्हात मी आणि दाविद काचेच्या तुकड्यांनी रंग खरवडत बसू लागलो. टर्पेंटाइनने डोकं उठायचं, सोनेरी कपचे लुगड्यावर, नखांत, एकदा तर चहात. मी अध्यक्षांचा उद्धार करायचे आणि दाविद म्हणायचा, "बाई, बापूवानी बोलायलाव तुमी." नाताळ आला, चर्चमध्ये फायबरच्या गव्हाणीत दिवे लुकलुकले, आणि आमच्या गव्हाणीला बैल अजून तोंड लावत नव्हता. दादांना दिलेला शब्द त्या दिवशी मोडला.

गेल्या आठवड्यात मात्र बैलाने तिची कड चाटली. आधी एकदा, मग जीभ काढून सावकाश. खाचांमध्ये थोडं सोनेरी अजून अडकलंय, ते तो चुकवतो. आज कडेवरून हात फिरवला, अजून खरखरीतच आहे. एका हिवाळ्यात होणारं ते काम नव्हे, म्हणून वर्षभर गव्हाण बैलापुढून हलवायचीच नाही असं आम्ही ठरवलंय. पुढच्या नाताळाला मी आणि दाविद ती चर्चमध्ये नेणार आहोत. आणि या खेपेला धुणार नाही.