धुराड्यावरची कुल्फी

रुपाली मूनला उंचीची भीती वाटत नाही. उलट उंचावर गेलं की तिला हसूच फुटतं. यवतमाळच्या एका खासगी प्रयोगशाळेसाठी ती कारखान्यांचा धूर मोजते. धुराड्याला लावलेल्या लोखंडी शिडीवरून मचाणापर्यंत चढायचं, भोकातून लांब नळी आत घालायची आणि पंपाने धूर ओढून काचेच्या बाटल्यांतल्या आम्लाच्या पाण्यात बुडबुडू द्यायचा. धुरातलं शिसं, पारा त्या पाण्यात अडकतो. वर पोचलं की वणीच्या कोळशाच्या खाणी आणि काळ्या रस्त्यावर मुंग्यांसारखे चाललेले ट्रक दिसतात, आणि रुपाली एकटीच खिदळते. पंप सांभाळणारा अमर विचारतो, "ताई, काहून हसून राह्यली? धूर चढला काय डोक्यात?"

तिचे बाबा धम्मरत्न मून वणीच्या बसस्टँडसमोर कुल्फी विकतात. रसायनशास्त्राची पदवी रुपालीने नंतर घेतली. त्याआधी कित्येक उन्हाळे तिने बर्फ फोडला होता आणि त्यात खडेमीठ कालवलं होतं.

यंदा मोजणीची पद्धत बदलली. पूर्वी बाटल्यांच्या पेटीत सकाळी बर्फ ओतला, झाकण लावलं की संपलं. दुपारी आत काय उरलं, कोणी डोकावत नसे. पण बाटल्या तापल्या की पारा पाण्यात न अडकता निसटून जातो, आणि धूर आहे त्यापेक्षा स्वच्छ ठरतो. म्हणून नवा नियम आला: शेवटच्या बाटलीतून बाहेर पडणारी हवा वीस अंशांच्या आत हवी, तिथे थर्मामीटर हवा, आणि काटा वर गेला की चाचणी रद्द. शिवाय गळती आहे का ते आधीही तपासायचं आणि नंतरही.

रुपालीला पद्धत मनापासून पटली. प्रश्न होता मे महिन्याचा. प्रयोगशाळेच्या मालकांनी सांगून टाकलं होतं, "नागपूरच्या परीक्षक बाईंसमोर एक चाचणी नीट करून दाखव, वणीचं पथक तुझं. नाही जमलं तर पथक नागपूरहून येईल. तू ऑफिसात बसून अहवाल टाइप कर."

ऑफिसात! पंख्याखाली!

चाचणी ठरली वणीजवळच्या एका तेलगिरणीत. शेजारीच कापसातली सरकी काढायचं जिनिंग, आणि बॉयलर कोळशावरचा. ऊन असं की शिडीला हातमोज्यांशिवाय हात लावता येईना. पेटीत बर्फ भरताना रुपालीला एकदम सुचलं. तिने गिरणीच्या कँटीनमधून खडेमीठ मागून आणलं आणि ओंजळी भरभरून बर्फात कालवलं.

अमर म्हणाला, "ताई, हे पुस्तकात हाय काय?"

"आमच्या घरात हाय. मिठानं बर्फ आणखी गार होते. तू पाह्य फक्त."

पेटी दोराने वर ओढली. परीक्षक विजयमाला मॅडम धापा टाकत मचाणावर आल्या, पदर कमरेला खोचून. नळी, मोजमापं, भोकं, सगळं त्यांनी सावकाश पाहिलं. मग गळतीची तपासणी झाली. नळीचं तोंड बंद करून पंप चालवायचा. गळती नसेल तर हवा मोजणारं मीटर हलत नाही. मीटर तसूभरही हललं नाही.

"इतकी घट्ट जोडणी मी पाहिली नव्हती," मॅडम म्हणाल्या.

थर्मामीटरही बर्फासारखा गार आकडा दाखवत होता. रुपालीने अमरला कोपर मारलं. मग तिने नळीचं तोंड उघडून धुराड्यात घातलं आणि पंप पुन्हा चालू केला.

मीटर तरीही हललं नाही.

पंप घरघरला, रडला, गरम झाला. अमरने मीटरला टिचकी मारली. रुपालीने पेटीचं झाकण उघडून एक बाटली वर काढली आणि उलटी केली. एक थेंबही पडला नाही. बाटल्या ठार गोठल्या होत्या. आत हवाच जात नव्हती, मग गळती कुठून दिसणार?

"ताई," अमर हळूच म्हणाला, "आता काडी खोच अन् वीक."

रुपालीने हसू दाबायचा फार प्रयत्न केला. नाही जमलं. ती मचाणाचा कठडा धरून इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग ते पाणी कशाचं, हे तिलाच कळेना. तिने सरळ सांगितलं, "मॅडम, चूक माझी. मी कुल्फी जमवली. ही चाचणी रद्द धरा."

हसू दाबताना मॅडमचेही ओठ थरथरत होते. "नियमात दुसऱ्यांदा करता येते. बाटल्या आहेत?"

"हायेत! म्हणजे, आहेत!"

बाटल्यांचा जादा संच होता, बर्फ मात्र अर्धाच उरला होता. तिने बाबांना फोन लावला.

"बाबा, बर्फाची लादी पाहिजे. आत्ताच. अन् मीठ टाकजा नोको!"

"मिठाबिगर कुल्फी कशी जमन वं पोरी?"

"जमवाचीच नाही ना, बाबा!"

"मंग कायले पाहिजे बर्फ?" असं म्हणत म्हणतच बापाने सायकल काढली.

तोवर रुपाली खाली उतरून जिनिंगमध्ये धावली आणि झाडून गोळा केलेली रुई पोतं भरून मागून आणली. पेटी आतून पुसली, बाहेरून जाड रुई गुंडाळली, वर ओलं पोतं बांधलं. पेटी नवरीसारखी गुबगुबीत दिसायला लागली. साधा बर्फ भरला, गळती तपासली, पंप सुरू केला. या वेळी मीटर टुकूटुकू फिरायला लागलं, आणि अमरने त्याला हात जोडले.

काटा सोळावर होता. सतरा. अठरा. बर्फ संपला. एकोणीसला मॅडमनी चष्मा पुसला. रुपाली कठड्यावरून वाकली आणि खाली धम्मरत्न मून दिसले, सायकलच्या कॅरिअरला लादी बांधलेली आणि गेटवरच्या पहारेकऱ्याशी भांडण जुंपलेलं.

"दोर सोड!" तिने अमरला सांगितलं.

लादी गोणपाटात गुंडाळून वर आली. रुपालीने जिभेने चाटून पाहिली, मीठ नव्हतं. फोडली, वितळलेलं पाणी काढून टाकलं, बर्फ ओतला. काटा घुटमळला, थांबला, मग शहाण्यासारखा खाली यायला लागला.

चाचणी पूर्ण झाली. शेवटची गळती तपासणीही नीट निघाली. विजयमाला मॅडमनी सही केली, पेन बंद केलं आणि म्हणाल्या, "वणीच्या पथकप्रमुख, आता मला खाली उतरवा. चढले कशी, माझं मलाच ठाऊक."

रुपालीने आधी कठड्यावरून तोंड काढलं आणि सगळ्या गिरणीला ऐकू जाईल अशी ओरडली, "बाबा! कुल्फी नाही जमली!"

खालून बापाने दोन्ही हात वर केले आणि पहारेकऱ्याला मिठीच मारली.