बेल्जियमच्या पाहुण्याला पेण दाखवताना

मंडळी, कंपनीत नव्यानेच सुरू झालेल्या ईमेलवरून तुम्हा सगळ्यांना एकदमच लिहितोय, कारण डोकं अजून ठणकतंय.

आमच्या रोह्याच्या कंपनीत मशीन बसवायला बेल्जियमचा इंजिनिअर आलाय. आज त्याला पेणचे गणपतीचे कारखाने दाखवायला नेलं. जीप सुटल्यापासून साहेबांचं एकच पालुपद, आमचं गाव! वालोनिया नावाच्या भागातलं, पेणपेक्षाही लहान. कोणत्या राजाने लुटलं, किल्ला कधी पाडला, सगळं तोंडपाठ. तिथे म्हणे वेताचा विणलेला दोन पुरुष उंच राक्षस आहे. वर्षातून एकदा मिरवणुकीत नाचवतात. पणजोबांच्या काळापासून तोच, दरवर्षी डागडुजी करून.

कारखान्यात शांतारामभाऊ मूर्तीचे डोळे आखत होते. या मूर्ती आपण पाण्यात सोडतो, हे ऐकून पाहुणा कळवळलाच. "एवढं सुंदर काम बुडवता? जरा जपायला शिका!"

मी वैतागून ते मराठीत सांगितलं, वर त्याच्या राक्षसाची गोष्टही. भाऊ मान वर न करताच म्हणाले,

"दरसाल तोच राक्षस? मंग नवीन करायला पोरं शिकतात कधी?"

हे मी इंग्रजीत सांगितलं, मुद्दाम चढ्या आवाजात. पाहुणा हळूच म्हणाला, "विणणारा एकच उरलाय. म्हातारा आहे. हात थरथरतात त्याचे."

परतताना कासू गेलं, नागोठणं गेलं, तो एक शब्द बोलला नाही. हा गप्प बसावा म्हणून सकाळपासून मी देव पाण्यात घातले होते, आणि गप्प बसला तर मलाच करमेना.

खरं सांगा, भाऊंचं ते एक वाक्य मी गाळायला हवं होतं का?