मामांची हाक, माझे कान

सोलापूर शहरात आमच्या समोरच्या मामांइतका सुखी माणूस दुसरा नाही, आणि हे मी कौतुकाने म्हणत नसून निव्वळ जळफळाटाने म्हणतो आहे. ते माझे कुणी मामा नाहीत. पण पूर्व भागातल्या आमच्या गल्लीत पाच वर्षांच्या पोरापासून ऐंशीच्या आजीपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात. मला मात्र सगळे 'कंट्रोलर साहेब' म्हणतात. मी बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. तीस वर्षं मी माईकवरून "बार्शीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक सातवर लागत आहे" असं स्वच्छ, ठणठणीत आवाजात सांगत आलो, आणि तीस वर्षं लोक ते सगळं ऐकून घेऊन माझ्याच खिडकीशी येऊन "बार्शी कुटं लागती हो?" असं विचारत आले. मामांनी चाळीस वर्षं गल्लीच्या टोकाच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबरकी केली, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त केले. त्या खडखडाटात त्यांचे दोन्ही कान गेले. आता आमच्या दोघांत नशीबवान कोण ते तुम्हीच ठरवा. माझं कुणी ऐकलं नाही, आणि त्यांना कुणाचं ऐकावं लागत नाही.

शेडमध्ये बोलायचं म्हणजे मागांच्या वरताण बोलायचं, त्यामुळे मामांच्या आवाजाला एकच माप आहे. त्यांची कुजबुज कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत पोचते. मागच्या वर्षी शेजारच्या मुलीला बघायला होटगीहून पाहुणे आले होते. पोह्यांच्या बशा फिरत असताना मामा माझ्या कानाला लागले आणि त्यांच्या मते अगदी हळू म्हणाले, "पोरगी झकास हाय. पोरगं जरा झोपाळू वाटतंय, न्हाय?" बशा जागच्या जागी थांबल्या. मी मनात म्हटलं, चला, आज एकदाचं मामांचं वस्त्रहरण होणार. तर मुलाचा बाप मांडीवर थाप मारून म्हणाला, "बराबर ओळखलं मामा तुमी. आठ वाजल्याबिगर उठतच न्हाय की." लग्न ठरलं, आणि त्या लग्नात मामांना मानाचा फेटा बांधला गेला. मी माझ्या मेव्हण्याचं लग्न ठरवताना याच्या निम्मं बोललो होतो, तर सासुरवाडीने चार वर्षं दिवाळीला बोलावलं नव्हतं.

त्यांची दुसरी खोड म्हणजे समोर येईल त्याच्या शर्टाची कड चिमटीत धरून कापडाची पारख करायची. आम्ही हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेलो होतो, तिथे त्यांनी थेट मॅनेजरची बाही धरली आणि म्हणाले, "चुरगळतंय, पन घाम पितंय. चांगलं घेतलंत." मॅनेजरने त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि माझ्याकडे बघून "तुम्ही जरा लाइनीत थांबा" म्हणाला. आमच्या घरात शेंगा चटणी कुटली की पहिली बरणी समोर जाते. "मामांना ताजी आवडते," असं आमची ही म्हणते. मला शिळी आवडते असं मी कधी बोलल्याचं मला आठवत नाही. पुण्यात असलेल्या त्यांच्या मुलाने त्यांना कानाचं यंत्र आणून दिलंय, ते डबीत आणि डबी कपाटात. का घालत नाही म्हणून विचारलं, म्हणजे ओरडलं, तर म्हणाले, "त्यात सगळ्यांचंच ऐकू येतंय, साहेब." लग्नाकार्याला मात्र ते यंत्र घालतात, सेल न टाकता, अंगठी घालावी तसं.

हे सगळं मी गिळलं असतं. पण मांजराचं मला गिळवलं नाही.

मांजर माझं होतं. आमच्या कूलरच्या स्टँडखाली एक मांजरी तिला टाकून गेली तेव्हा ती मुठीत मावत होती. मी कापसाच्या वातीने तिला दूध पाजलं, 'मनी' असं नाव ठेवलं, मंडईतून सुकट आणून हिचे बोल ऐकले. सहा महिन्यांची झाल्यावर एके दुपारी मनी उठली, बारा पावलांची गल्ली ओलांडून मामांच्या ओट्यावर गेली आणि त्यांच्या मांडीवर झोपली. त्या दिवसापासून ती जेवायला माझ्याकडे आणि नांदायला त्यांच्याकडे. मामांनी तिला 'पिल्ली' म्हणायला सुरुवात केली. पिल्ली म्हणजे मामांच्या घरच्या तेलुगूत मांजर. मांजराचं नाव मांजर ठेवणाऱ्या माणसावर ती जीव टाकत होती. मी माझ्या दारातून "मनी, मनी" असं फलाटावर ऐकू जाईल इतक्या सुस्पष्ट उच्चारात बोलावलं की ती एक कान हलवायची, बस. मामांनी घोगऱ्या आवाजात "पिल्ली, रा, रा" म्हटलं की कौलावरून उडी. "अहो, तुम्ही चक्क मांजरावरून जळता?" असं हिने एकदा विचारलं. मी म्हटलं, छे. पण जळत होतो. चांगला धूर निघेपर्यंत जळत होतो.

आणि ऐन उन्हाळ्यात ती नाहीशी झाली.

दोन दिवस मी मामांवर संशय घेतला आणि मामांनी, मला वाटतं, कुणावरच घेतला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात आले. दाढी वाढलेली, सदऱ्याची गुंडी चुकीच्या काजात. म्हणाले, "साहेब, पिल्ली न्हाय. मी हाक मारतो की. पन ती वरडली तर मला कसं कळायचं? मी हाक मारतो, तुमी ऐका." यंत्राचं काय, म्हणून मी कानाकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, "घातलं. नुस्ती शिट्टी वाजतीया त्यात." इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं, आणि तेही माझ्याच मांजरासाठी. मी टोपी घातली आणि निघालो.

कामाची पद्धत त्यांनीच ठरवली. प्रत्येक घराच्या कोपऱ्यावर थांबायचं. मामा छाती भरून "पिल्लीऽ, रा, रा" म्हणणार, मग एक बोट वर करणार, आणि ते बोट वर असेपर्यंत माझ्या तोंडाकडे टक लावून बघणार. मी मान हलवली की बोट खाली, पुढचा कोपरा. 'रा' म्हणजे ये, आणि गल्लीतली निम्मी घरं तेलुगू. पहिल्याच हाकेला तीन घरांतून तीन पोरं बाहेर येऊन मुकाट्याने आमच्यासमोर उभी राहिली. पुढच्या हाकेला रात्रपाळी करून झोपलेला एक जण लुंगी सावरत आला, शिव्या द्यायला तोंड उघडलं, मामांना बघितलं आणि "काय हरवलं मामा?" म्हणून आमच्याबरोबर चालू लागला. मी कुणाला झोपेतून उठवलं असतं तर तो माझ्याबरोबर फक्त पोलिस चौकीपर्यंत चालला असता.

एका जिन्याखाली एक बाई धुणं वाळत घालत होत्या. मामांनी त्यांना हरवलेलीचं वर्णन सांगितलं. "पांढरी हाय. मधे तपकिरी पट्टे, काठ काळा. लई मऊ. परवापासनं सापडंना." बाई "थांबा की," म्हणून आत गेल्या आणि घडी घातलेला एक टॉवेल घेऊन आल्या. "आमच्या गच्चीवर उडून आला होता. तुमचा व्हय?" मामांनी टॉवेलची कड चिमटीत धरली, दोनदा चोळली आणि गंभीरपणे म्हणाले, "माल चांगला हाय. पन ही न्हवं." मला हसू आलं. मग त्यांच्या डोळ्यांकडे लक्ष गेलं आणि मी ते आवरलं.

बारा वाजता आम्ही शेडपाशी पोचलो. बरोबरची माणसं उन्हाला कंटाळून परतली होती. शेड दोन वर्षांपासून बंद आहे. माग भंगारात गेले, दाराला कुलूप, वर उंच एक जाळी, तीही फाटलेली. मामांनी हाक मारली, पण घसा बसल्यामुळे ती अर्धीच उमटली. मग बोट वर केलं आणि माझ्याकडे बघितलं.

आतून आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. मनीचाच. वातीने दूध पिताना ती असंच ओरडायची.

मी मान हलवली. नाही म्हणून.

का, ते मी गोलमाल न करता सांगतो. त्या एका क्षणात मी सगळा बेत आखला. मी एकटा परत येईन, मी तिला सोडवीन, माझ्या आवाजाला ती बाहेर येईल आणि मग माझीच राहील. एकदा तरी कुणी माझ्या हाकेला ओ देईल. मामांचं बोट खाली आलं. ते शेडच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "तुमी होता म्हणून बरं, साहेब. तुमचे कान चांगले." मी त्यांना हाताला धरून घरी आणलं. हिने त्यांना ताक दिलं. त्यांनी ते हातातच धरून ठेवलं.

शेडची किल्ली पिठाच्या गिरणीवाल्याकडे असते; चार वाजता मी ती त्याच्याकडून घेतली आणि खिशात सुकट घेऊन आत गेलो. एका कोपऱ्यात सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्यांच्या पेट्या रचलेल्या होत्या, त्यांच्या मागून ती ओरडत होती. जाळीतून आत पडली असणार आणि त्या पेट्यांवरूनही जाळीपर्यंत उडी पोचत नव्हती. मी "मनी" म्हटलं. गोड म्हटलं, दरडावून म्हटलं, शेवटी "मनी, कृपया बाहेर येणे" असं फलाटाच्या सुरातही म्हणून पाहिलं. ती ओरडायची थांबली आणि आणखी आत सरकली. सुकट पेटीवर ठेवली, तिला तिने तोंडही लावलं नाही. पाऊण तास झाला. माझा सदरा पाठीला चिकटला होता. मग मी दाराबाहेर कुणी नाही ना ते बघितलं, घसा खरवडला आणि होईल तितक्या घोगऱ्या आवाजात म्हणालो, "पिल्ली, रा, रा."

ती आली. सरळ माझ्या पायाशी आली, वर बघितलं, आणि दुसरं कुणी नाही हे पाहून माझ्यावरच भागवलं.

तिला पिशवीत घालून मी आमच्या घरी आलो. हो, आमच्याच घरी. दार लावलं, दूध दिलं. ही देवळात गेली होती. मनी दूध पीत होती आणि मी तिच्या शेजारी फरशीवर बसून स्वतःला विजयी समजायचा प्रयत्न करत होतो. तेवढ्यात बाहेरून ती हाक आली. मी खिडकीतून बघितलं. मामा पुन्हा निघाले होते, एकटेच. माझ्या दारासमोरून चार पावलं पुढे जाऊन थांबले, हाक मारली, बोट वर केलं आणि सवयीने उजवीकडे वळून बघितलं. तिथे मी नव्हतो. तरी त्यांनी बोट तसंच वर धरलं, थोडा वेळ रिकाम्या जागेकडे बघत राहिले आणि मग ते हळूच खाली घेतलं.

मला माझी इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. मी मनीला उचललं, दार उघडलं आणि धावत जाऊन तिला त्यांच्या हातात दिलं.

मामा ओट्यावर बसले, तिला मांडीवर घेतलं, तिच्या बरगड्यांवर पंजा पसरून ठेवला आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "चालू हाय." मग माझा हात ओढून आपल्या हाताशेजारी ठेवला. मांजर गुरगुरत होतं. तळहाताखाली बारीक, एकसारखी थरथर येत होती. "मागावर असाच हात ठेवायचो, साहेब," ते म्हणाले. "कान गेले तरी हाताला ऐकू यायचं. कुटला चालतोय, कुटला अडलाय. शेड बंद झाली आन् हातबी भैरा झाला. मग ही येऊन बसली."

मी हात तसाच ठेवून बसलो. मला वाटत आलं होतं की या माणसाला काही ऐकावं लागत नाही म्हणून हा सुखी.

"कुटं होती?" त्यांनी विचारलं. मी शेडच्या दिशेने बोट केलं. ते म्हणाले, "आपन गेलतो की तितं. तवा आवाज न्हाय आला?"

मी म्हणालो, "आला होता, मामा."

"आँ?" त्यांनी कानामागे हात धरला.

आता त्यांना ऐकू जायचं तर ओरडायला हवं होतं, आणि ओरडलं असतं तर सगळ्या गल्लीने ऐकलं असतं. हातात प्रसादाची वाटी घेऊन ही दारात येऊन उभी होती. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मामांनीच माझी सुटका केली. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "झोपली आसंल तवा. तुमी काय करणार?"

त्यानंतर हेवा गेला म्हणावं तर तसंही नाही. मनी अजून जेवते माझ्याकडे आणि झोपते त्यांच्या मांडीवर, आणि पहिली बरणी अजून समोरच जाते. फक्त दुपारी ऊन कललं की मी ओट्यावर त्यांच्या शेजारी जाऊन बसतो. ते थोडं सरकून तिच्या पाठीवर माझ्या हाताला जागा करून देतात. मग गल्लीत कुणी नाही असं बघून मी रोज, अगदी साध्या आवाजात, एकदा सांगून टाकतो, "मामा, त्या दिवशी आवाज आला होता. मी खोटं बोललो."

मामा माझ्याकडे बघतात, मायेने मान डोलावतात आणि म्हणतात, "व्हय की. लई ऊन हाय."